3 कपचा मोका पॉट आणि अक्कांचा फिल्टर

दिवाळीत ऑनलाइन मोका पॉट, म्हणजे गॅसवर कॉफी करायचं इटालियन भांडं, मागवला, 3 कपवाला. घरात तिघं आहोत, बरोबर पुरेल असं वाटलं. पुरतंय कुठलं, त्यांचा कप म्हणजे आपल्या कटिंगपेक्षा बारका, सगळं मिळून दीडशे एमएलसुद्धा निघत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे इंडक्शनवर चालत नाही, आणि गॅसवर बूड बारीक पडून डुगडुगतो म्हणून वर जाळी घ्यावी लागली ती वेगळीच.

कॉफी मात्र लै कडक. इटलीत 1933 पासून हे भांडं आहे, उगाच नाही. खालचं पाणी वाफेच्या दाबानं पावडरीतनं वर चढतं. गॅस बारीक ठेवायचा, पावडर दाबायची नाही आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवायचा, मी पहिले आठ दिवस गुरगुर संपेपर्यंत ठेवायचो आणि मग कडू कडू म्हणून बोंबलायचो. चिकोरीवाली (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) पावडर यात घालू नका, माझी एकदा फुगून बसली आणि सगळी वाफ बाजूच्या व्हॉल्व्हमधनं फुस्स.

फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्यानं जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं, ते भावाचं. जाडसर दळलेली 15 ग्रॅम, अडीचशे एमएल पाणी, चार मिनिटं, दाबा, झालं. काळी पिणाऱ्यांना बेस्ट, मला तो तळाचा गाळ चालत नाही. पण त्यातच कळलं की बोअरच्या पाण्यात चिकमगळूरची चांगली कॉफीपण सपक लागते, जड पाण्यातले क्षार तिचा आंबटपणाच मारतात. तेव्हापासून कॉफीला जारचं पाणी.

वरच्या मजल्यावरच्या अक्का मूळच्या म्हैसूरकडच्या. मोका पॉट बघून म्हणाल्या, "हे कशाला रे? रात्री डिकॉक्शन लावून झोपायचं की." डिकॉक्शन म्हणजे फिल्टरमधनं थेंबथेंब उतरलेला कॉफीचा अर्क. मग नवी पेठेतनं स्टीलचा फिल्टर आणला, पावडर 80-20, म्हणजे 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी. चिकोरी पाणी धरून ठेवते म्हणून डिकॉक्शन सावकाश ठिबकतं आणि दाट उतरतं. जाणकार चिकोरीला नाकं मुरडतात, मुरडू देत, दुधात प्यायची तर थोडी पाहिजेच! सकाळी दूध तापवलं की दोन मिनिटांत कॉफी. फक्त आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात डिकॉक्शन रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आंबूस होतं, उतरलं की फ्रिजमध्ये टाका.

मोका पॉट आता रविवारी निघतो. मित्र आले की "काय बे, ती गुरगुरवाली पाज की" म्हणतात आणि तिघं असले की दोनदा लावावा लागतो.