‘पोर्ट’ शब्दाचा गुंता सोडवायचाय? प्रिन्स्टनचं वर्डनेट वापरा

भाषांतराचं काम करणाऱ्यांना आणि मर्चंट नेव्हीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना मनापासून सांगतेय, वर्डनेट हा इंग्रजी शब्दांचा कोश वापरून बघाच. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली हे काम सुरू केलं, पूर्ण फुकट आहे आणि डाउनलोड करून ठेवलं की नेट नसलं तरी चालतं.

साध्या समानार्थी कोशात पोर्ट शोधलं की बऱ्याचदा हार्बर, वाईन, लेफ्ट सगळं एकाच रांगेत येतं आणि नवीन माणूस त्यातलं काहीही उचलून वाक्यात घालतो. इथे मांडणी अर्थाप्रमाणे आहे, एका अर्थाचे जेवढे शब्द तेवढ्यांचा एक गट, त्याला सिन्सेट म्हणतात. नाम म्हणून पोर्टचे पाच गट येतात, बंदर, पोर्ट वाईन, जहाजाच्या नाहीतर तटाच्या भिंतीतलं तोफेसाठीचं भोक, जहाजाची डावी बाजू आणि कॉम्प्युटरचा पोर्ट. क्रियापदं परत वेगळी, जहाज डावीकडे वळवणं पण आहे आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर चालेल असं बदलणं पण!

डाव्या बाजूची व्याख्या तर फारच नेमकी आहे. जहाजावर असताना नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केलं की जी डावी ती पोर्ट, मग तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात तरी पोर्ट साइड बदलत नाही, रात्रीचा लाल दिवा पण त्याच बाजूला. याच गटात लारबोर्ड हा जुना शब्द दिलाय. तो स्टारबोर्डसारखाच (म्हणजे जहाजाची उजवी बाजू) ऐकू यायचा, ऑर्डर ऐकण्यात घोळ व्हायचा, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये त्याच्या जागी पोर्टच म्हणायचं असा हुकूम काढला. पण हे वर्डनेटमध्ये मिळणार नाही, शब्दांचा इतिहास त्यात नाहीच. वाईनचं नाव पोर्तुगालच्या पोर्तो शहरावरून आलं हे कळायला पण दुसरा कोशच उघडावा लागतो.

मला खरं खटकलं ते वेगळंच. सीपोर्ट, हेवन (haven, आसऱ्याचं बंदर) आणि हार्बर हे तिन्ही एकाच गटात टाकलेत. मुंबईचंच घ्या ना, हार्बर म्हणजे ते सगळं आडोशाचं पाणी, आणि त्या एकाच हार्बरमध्ये मुंबई पोर्ट वेगळं आणि पलीकडे न्हावा शेवाचं जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर) वेगळं, माल उतरवणं, कस्टम्स हे सगळं पोर्टमध्ये. शिपिंगच्या कागदात एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला तर अर्थ बदलतो, त्यामुळे गटातला शब्द उचलण्याआधी त्याची वाक्यं दुसरीकडे वाचून घ्या.

उच्चार नाहीत, शब्दयोगी अव्ययांसारखे छोटे शब्द पण नाहीत, त्यामुळे शाळेतल्या मुलांना एवढ्यावर भागणार नाही. आणि हो, आयआयटी मुंबईने हिंदी वर्डनेटच्या आधारे मराठी वर्डनेट पण केलंय, इंग्रजीचं वापरताना तेही शेजारी उघडून ठेवा.