कार्ड बंद केलं म्हणजे सुटलो असं समजू नका

लाज वाटते म्हणून दोन महिने गप्प होते. परवा आमच्या जाऊबाईंना तसाच फोन आला, म्हणून आज लिहितेय.

केवायसीचा फोन. कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. सतरा वर्षं हिशेबाचं काम करते, ऑफिसात इतरांना 'ओटीपी देऊ नका' सांगणारी मीच. पण असा फोन हिंदीतून येतो, समोरचा दमदाटी करतो, असंच डोक्यात होतं. हा मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता. "ताई, घाई नाही, हातातलं काम आटपा, मी थांबतो," म्हणाला. माझं पूर्ण नाव, पॅन, खात्याचे शेवटचे चार आकडे त्यानंच वाचून दाखवले. मी नुसतं 'हो, हो' करत गेले. त्यानं सांगितलेला एम्प्लॉयी कोड मी लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतला, खाली रेघ मारून. बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे. फेकवत नाही.

आधारचे बारा आकडे दिले, जन्मतारीख दिली. मग ओटीपी आला. इथेच मी थांबायला हवं होतं. मेसेज पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव नव्हतं, आधारचं होतं. मला ते दिसलं. नुसतं दिसलं नाही, मी विचारलंसुद्धा, "हा बँकेचा नाही ना?" तो म्हणाला, "ताई, केवायसी म्हणजे आधारचाच येणार ना." आणि मला ते पटलं! बँकेला माझं आधार तपासायचं असेल तर ती मला फोनवर आकडे कशाला वाचायला लावेल, हा साधा प्रश्न त्या क्षणी सुचला नाही. रात्री जाग आली की अजून तेच वाक्य कानात वाजतं.

त्यानंतर त्यानं व्हॉट्सॲपवर 'फॉर्म' पाठवला. मी तो उघडला, कार्डाचे सोळा आकडे, तारीख, मागचे तीन आकडे भरले. तो फॉर्म नव्हता, ॲप होतं. माझे मेसेज ते परस्पर वाचत होतं, म्हणून पुढचे ओटीपी त्याला मागावेही लागले नाहीत. ११:२६ला ₹२४,९९९. ११:३७ला पुन्हा ₹२४,९९९. अशी फाइल उघडली असेल तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, बाकी सगळं नंतर. मी नाही टाकला.

११:४१ला ह्यांच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, मग संगीत. प्रतिनिधी मिळून तक्रार नंबर हातात पडला १२:०२ला. मधल्या वेळात, ११:५८ला, तिसरे ₹९,५०० गेले. एकूण ₹५९,४९८.

आता त्या ₹९,५०० बद्दल ऐका. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ला परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. शाखेतल्या साहेबांनी परिपत्रकाची प्रिंट हातात घेतलीसुद्धा नाही. "ओटीपी तुम्हीच दिला ना, मॅडम?" एवढंच, आणि तेही चार माणसं ऐकतील अशा आवाजात. त्यांच्या मते मी १२:०२ला कळवलं. मग एकवीस मिनिटं मी फोन कानाला लावून काय करत होते? पहिल्या दोन रकमांना मी जबाबदार आहे, मान्य. तिसरी त्यांनी मला ताटकळत ठेवलं म्हणून गेली.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग झालं". दुसऱ्यांदा "हे आमच्या हद्दीत येत नाही". पैसे कोणत्या हद्दीतून गेले, हे मी कुठून सांगू? झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्येच तसं आहे, म्हटल्यावर हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की चोर मीच. तीन हेलपाटे, दोन रजा, आणि हातात फक्त अर्जाची पोच. १९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला. तो पहिल्या पाच मिनिटांत फिरवायचा असतो. पैसे पुढच्या खात्यात पोचायच्या आत गोठवता येतात, नंतर माग काढणं अवघड.

एवढं होऊन मी काय केलं? कार्ड बंद केलं, फोन फॉरमॅट केला, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले आणि वाटलं, संपलं. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. कार्ड नवं मिळतं. आधार, पॅन, जन्मतारीख त्याच्याकडे गेली ती गेलीच.

तेविसाव्या दिवशी वसुलीवाल्याचा फोन: माझ्या नावावर ₹३५,००० चं कर्ज, हप्ता थकलाय. मी कुठलं कर्ज घेतलंच नव्हतं. क्रेडिट रिपोर्ट काढला तर खरंच नोंद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. एकाच वेळी चारही काढू नका, महिना-दोन महिन्यांच्या अंतरानं काढा म्हणजे लक्ष राहतं. चुकीच्या नोंदीची तक्रार लेखी करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाईचा नियम आहे. कर्जवाल्या कंपनीला हे सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा आवाज खाली आला.

आधारचं लॉक तेव्हा कुठे समजलं. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बोटांचे ठसे लॉक होतात, पण तेवढ्यानं ओटीपी थांबत नाही. आधार नंबरच वेगळा लॉक करावा लागतो. त्याआधी सोळा आकडी व्हीआयडी (आधारऐवजी वापरायचा नंबर) काढून जपून ठेवा, अनलॉक करायला तोच लागतो. आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहासही तिथेच दिसतो. माझ्यात त्या दिवशीची वेळ होती: ११:१९. आणि संचार साथी या दूरसंचार विभागाच्या साइटवर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही बघा.

मागच्या आठवड्यात आणखी एक फोन. "तुमचे ₹५९,४९८ परत मिळवून देतो, फी ₹२,५००." आकडा अगदी बरोबर! एकदा फसलेल्यांच्या याद्या यांच्यात फिरतात. मी काही न बोलता फोन ठेवला आणि नंबर संचार साथीवरच्या 'चक्षू' या तक्रार सोयीवर कळवला.

बँकेनं ३० दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. फक्त ₹९,५०० ची. सोबत ह्यांच्या फोनवरच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडलाय, ११:४१चा.