रविवारी सायकल कुठे न्यायची: उत्तन, वसई की अलिबाग?

मुंबईहून एका दिवसात सायकलने जाऊन परत यायचं आणि कोकणकिनाराही बघायचा, तर मी तीन वाटा सुचवेन. पहिली, मालाडजवळच्या मार्व्याला तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून मनोरी, गोराई आणि उत्तन. दुसरी, विरारला उतरून अर्नाळ्याहून वसई. तिसरी, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरून अलिबाग, जमलं तर रेवदंडा. विचारणारे बहुतेक जण आधी किलोमीटर विचारतात. माझ्या मते आधी परतीचं बघावं: दुपारी तुमचं तोंड कोणत्या दिशेला असेल आणि वाटेतलं पाणी कशाने ओलांडाल?

दिशेचं कारण वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सायकलचे खरे महिने. तेव्हा पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे हलके असतात, त्रास देत नाहीत. दुपारी खारे वारे सुटतात आणि आपल्या किनाऱ्यावर ते बहुधा वायव्येकडून येतात. उत्तरेकडे निघालात तर ते छातीवर बसतात, दक्षिणेकडे निघालात तर पाठीवर हात ठेवतात. थकलेल्या पायांना हा फरक दहा किलोमीटरांपेक्षा मोठा वाटतो.

उत्तनची वाट सगळ्यांत सोपी. मार्व्याहून खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात आणि तरीत सायकल सहज घेतात. मनोरीपासून उत्तनमार्गे भाईंदर स्टेशनपर्यंत साधारण वीस किलोमीटर भरतात. गोराईला विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो, पुढे डोंगरीच्या बाजूला थोडा चढ लागतो, आणि उत्तनच्या कोळीवाड्यात शिरलं की वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा. पहिल्यांदाच शहराबाहेर सायकल काढणाऱ्यांनी, किंवा बारा-तेरा वर्षांची मुलं बरोबर असतील त्यांनी, दुसरा विचार न करता इकडेच जावं. कंटाळा आला तर आल्या वाटेने मागे फिरता येतं. मात्र रविवारी अकरानंतर या अरुंद रस्त्यावर मोटारींची रीघ लागते, म्हणून साडेसहाची तर गाठा.

अलिबागचं आकर्षण मला पुरेपूर कळतं. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो बोट, म्हणजे गाड्या थेट आत नेता येतात अशी बोट, सुरू आहे. सायकल उचलावी लागत नाही, ढकलत आत न्यायची, आणि तासाभरात मांडवा. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात आणि त्यांच्यावर सायकल चढवणं जिकिरीचं, त्यामुळे धक्क्याचीच वाट धरा. मांडव्याहून थेट चोंढीच्या मोठ्या रस्त्याला लागू नका, तिथे शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्याच गाड्या असतात. सासवणे, आवास, किहीम असं आतून जा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर समुद्रालगत आहे आणि त्यांची शिल्पं तिथे बघायला मिळतात. पुण्यातला 1928 सालचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा घडवणारे हेच. अलिबागच्या पुढे आक्षीला मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके 934 चा मानला जाणारा. ज्या भाषेत आपण रोज बोलतो तिची हजार वर्षांपूर्वीची अक्षरं बघायला सायकल थांबवावी, असं मला मनापासून वाटतं. पुढे नागाव, चौल, रेवदंडा, सगळीकडे नारळी-पोफळीची सावली.

पण मांडवा ते रेवदंडा एका बाजूने सदतीस-अडतीस किलोमीटर. जाऊन-येऊन पंच्याहत्तर, आणि परतताना तोंड उत्तरेला, वारा छातीवर, डोक्यात बोटीची वेळ. ज्यांना साठ-सत्तर किलोमीटरांची सवय आहे त्यांनी खुशाल जावं. बाकीच्यांनी अलिबागपर्यंतच जाऊन ओहोटीला पायी जाता येणारा कुलाबा किल्ला साधावा. फेब्रुवारीनंतर गेलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला आलेल्या असतात. या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो चवीला खरोखर गोड असतो. पिशवीला जागा ठेवा.

उरणचं नाव निघतंच, म्हणून सांगते: भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जाते, पण पुढच्या रस्त्यावर बंदराचे कंटेनर ट्रेलर असतात. माझ्या मते रविवार तिथे घालवू नये. मुंबईहून त्या बाजूला जाणाऱ्या अटल सेतूवर मोटारसायकललाही मनाई आहे, तेव्हा सायकलचा प्रश्नच नाही.

माझं मत वसईच्या बाजूने आहे, आणि तेही विरारकडून वसईकडे अशाच दिशेने. उलटं नको. पहाटेच्या लोकलने विरारला जा. सायकलसाठी सामानाचं तिकीट आधी काढा आणि मालडब्यात चढा. पाट्या घेऊन बसलेल्या कोळणींचा तिथे पहिला हक्क आहे, त्यांना वाट द्या. विरारहून आगाशीमार्गे अर्नाळा साधारण दहा किलोमीटर. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, त्यासाठी वेगळी होडी लागते. वेळ नसेल तर किनाऱ्यावरूनच बघा आणि निघा. आगाशीला सुकेळी मिळाली तर जरूर घ्या. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, चिवट आणि मधासारखी, आणि सायकलवाल्याच्या खिशात यापेक्षा चांगलं खाणं नाही.

मग निर्मळ, भुईगाव, गिरीज. हा पट्टा मला तिन्ही वाटांमध्ये सगळ्यांत मोलाचा वाटतो. केळीच्या बागा, फुलांचे मळे, पानवेली, मधेच एखादं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, देवळानंतर चर्च आणि चर्चनंतर देऊळ. घरासमोर बसलेली, इथल्या सामवेदी समाजातली आजी आपल्या बोलीत काही विचारते आणि आपल्याला निम्मंच कळतं. लोकलच्या एवढ्या जवळ ही वाडीवस्ती अजून टिकून आहे, आणि दर वर्षी तिच्यातला एखादा तुकडा इमारतींखाली जातो. म्हणूनच ती आत्ताच बघून घ्यावी. कार्तिकात निर्मळची यात्रा असते, तेव्हा सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा.

या पट्ट्यातून दक्षिणेला जाताना वारा मागून ढकलतो आणि विरारपासून तीसेक किलोमीटरांत वसईचा किल्ला येतो. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला आतून सायकलवरच बघता येतो, कारण धक्क्याकडे जाणारा रस्ता त्यातूनच जातो. त्याच धक्क्यावरून 2024 पासून भाईंदरला रो-रो बोट सुटते. पूर्वी इथे आल्यावर लोकल पकडायची, नाहीतर घोडबंदरचा वळसा घालायचा. आता खाडी पार केली की समोर भाईंदर, आणि पायात जोर असेल तर तिथून उत्तन, गोराई, मनोरी करत मार्व्याला उतरा. दोन वाटा एका दिवसात जोडल्या जातात, आणि दुपारी बराच वेळ वारा पाठीलाच राहतो.

तिन्हीकडे पंक्चरचं सामान आणि पंप जवळ हवाच. आतल्या रस्त्यांवर सायकलचं दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. वाळूत सायकल घातली असेल तर घरी आल्यावर चेन त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. आणि अलिबागच ठरलं असेल, तर परतीच्या बोटीची वेळ सकाळीच नक्की करा आणि चौलच्या पुढे जायचं की नाही ते आक्षीला, अकराच्या आत, ठरवून टाका.