वृद्धाश्रमाची तक्रार केली अन् बिल वाढलं, डिपॉझिट भरण्याआधी वाचा

रक्कम आधी सांगतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की हजार-दोन हजारासाठी रडतो आहे. डिपॉझिट ७५,०००, "सोडताना पूर्ण परत" असं तोंडी पण अन् व्हॉट्सअ‍ॅपवर पण सांगितलेलं. महिन्याचे ११,५००, फेब्रुवारी ते मे, झाले ४६,०००. वरून "स्पेशल केअर"चे दोन महिन्यांचे ८,०००, शेवटी ड्रेसिंगच्या सामानाचे ३,६५०. एकूण १,३२,६५०. कोरडवाहू शेती आहे आमची, डिपॉझिट तूर विकून भरलं. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण केस टाकली आहे, पण आपल्या विदर्भात आता तालुक्याच्या गावीसुद्धा असे प्रायव्हेट वृद्धाश्रम निघाले आहेत, भाड्याच्या घरात खाटा टाकायच्या अन् बाहेर मोठा फ्लेक्स लावायचा, म्हणून लिहितो.

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको. लेकरूबाळ नाही, मोठे बाबा गेल्यापासून आमच्याजवळच. न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण उठता येईना. घरी का नाही ठेवलं असं विचारणारे गावात बरेच निघाले, त्यातल्या एकानेही येऊन रात्री तिची कूस बदलली नाही. बायको अन् मी दोघंही वावरात, खेड्यात नर्स मिळत नाही, बाई लावली तर कापूस वेचणी, सोंगणी आली की ती येत नाही. टाकून दिलं नाही आम्ही तिला. चोवीस तास नर्स, आठवड्याला डॉक्टर, व्यायाम करवून घेणारा माणूस, एवढं सगळं ११,५०० मध्ये सांगितलं म्हणून ठेवलं.

पहिली तक्रार मार्चमध्ये केली. मोठी आई म्हणे, "रात्री हाका मारून गळा बसते बापू, कोणी येत नाही." मॅनेजरला बोललो तर माणूस अगदी गोड. "दादा, तुमची तक्रार बरोबर आहे. जनरलला रात्री एकच आया असते. स्पेशल केअरला घ्या ना, महिन्याला फक्त ४,०००, दर दोन तासांनी कूस बदलून देऊ." म्हणजे जे आधीच्या पैशात कबूल केलं होतं तेच तक्रार केल्यावर परत विकलं. हाच धंदा आहे यांचा. तुम्ही चिडून जाता, काळजीने जाता, अन् जास्तीचे पैसे देऊन बाहेर पडता, वरून वाटते की बरं झालं बोललो.

भिंतीवर "तक्रार निवारण समिती" असा बोर्ड होता, खाली मोबाइल नंबर. तिथेही फोन केला. "नोंद घेतली सर." दोन दिवसांनी फोन आला, "तपासणी झाली, सगळं व्यवस्थित आहे." मे महिन्यात ड्रेसिंगचे ३,६५० ज्या नंबरवर टाकायला सांगितले तो हाच नंबर निघाला, अन् फोनपेवर आडनाव मॅनेजरचंच. असा बोर्ड दिसला की कमिटीत कोण कोण आहे ते लेखी मागा, संस्थेच्या बाहेरचा एकही माणूस नसेल तर त्या नंबरचा काही उपयोग नाही.

आता जे डोक्यातून जात नाही ते. मे महिना, ४५ डिग्री ऊन, व्हिडिओ कॉलवर मोठी आई, अन् अंगावर गळ्यापर्यंत ब्लँकेट. जाड, लाल ब्लँकेट. कपाळावर घाम दिसत होता. मी विचारलं तर आया पटकन म्हणाली, "कूलरची हवा लागते आजीले, थंडी वाजते." ही बाई जन्मभर उन्हाळ्यात अंगणात झोपली, अंगावर चादर सहन व्हायची नाही तिला. हे मला माहीत होतं. तरी पटलं, कारण रोज सकाळी तिच्या ताटाचा फोटो यायचा, वरण-भात, पोळी, भाजी, रोज न चुकता, अन् इतकं नियमाने जो फोटो पाठवतो तो पाठीमागे असं काही करत असेल हे कोणाच्या डोक्यात येईल? कॉल नेहमी त्यांच्याच वेळेला यायचा. कॉलवर नुसता चेहरा पाहू नका. पाठ दाखवा म्हणा, टाचा दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर त्याच दिवशी निघा.

न सांगता गेलो तेव्हा ब्लँकेट काढलं. माकडहाडाजवळ जखम, मूठ जाईल एवढी, अन् वास. नागपूरला नेलं, डॉक्टर म्हणाले हे एका रात्रीत होत नाही, पेशंटला हलवलंच नाही.

गाडी दारात उभी, मोठी आई कण्हते आहे, अन् मॅनेजर कागद घेऊन आला, "गेटपास आहे दादा, सह्या करा." शेवटच्या पानावर छापलेलं होतं की सेवेबाबत तक्रार नाही अन् डिपॉझिट संस्थेला स्वखुशीने देणगी दिलं. त्या वेळी कोण वाचेल? वाचू नये म्हणूनच तेव्हा आणले कागद. सही करायचीच वेळ आली तर सहीच्या वर हाताने लिहा "तक्रार कायम ठेवून" अन् मोबाइलमध्ये फोटो काढा.

पुढे पोलीस स्टेशन. "सही तुमचीच आहे ना? मग हे सिव्हिल मॅटर." भारतीय न्याय संहितेचं ३१८ फसवणुकीचं कलम आहे म्हटलं तर साहेब हसले. समाजकल्याणच्या ऑफिसात गेलो, तर म्हणे ही संस्था आमच्या अनुदानावर नाही, आमच्या यादीत नाही. अरे मग यादीत नसताना चालते कशी हे कोण पाहणार? तहसीलमधून एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवलं, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना. तिथला बाबू म्हणे तो अर्ज पोरं सांभाळत नसतील तर असतो, आश्रमाविरुद्ध नसतो. म्हणजे मोठ्या आईला मी उपाशी ठेवलं असतं तर सरकारने माझ्यावर केस घेतली असती, महिन्याला १०,००० पर्यंत द्यायला लावले असते, अन् पैसे घेऊन जखमा करणाऱ्याला विचारायला एक खुर्ची नाही! धर्मादाय कार्यालयात सांगितलं आम्ही ट्रस्टचा हिशोब पाहतो, पेशंटची पाठ नाही. हे त्यांचेच शब्द आहेत, मी वाढवून सांगत नाही. एका साहेबाने तर माझ्यासमोर मॅनेजरलाच फोन लावला, "पाहून घ्या बा यांचं काय ते." झाली चौकशी! एकाही टेबलावर कोणी पोच द्यायला तयार नाही.

तोंडी तक्रार करूच नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) लेखी पाठवता येते, हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथे निदान नीट ऐकून घेतात. अन् पैशासाठी ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील पाहिजेच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत टाका. देणगी म्हणून पावती फाडत असतील तर घेऊ नका, नंतर हेच म्हणतात की तुम्ही ग्राहक नाही, दाते आहात. माझ्या केसमध्ये त्यांचा वकील हेच म्हणतो आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं "पूर्ण परत" माझ्याजवळ आहे, प्रिंट काढून लावलं आहे.

मागच्या आठवड्यात मॅनेजरचा निरोप आला, २०,००० घ्या अन् केस मागे घ्या. घेणार नाही. ७५,००० पूर्ण, दवाखान्याचा खर्च, अन् जखम आमच्यामुळे झाली हे लेखी. त्याच्या खाली काहीच नाही.