एअरकव्हर पुरतं की स्वतःची लायबिलिटी पॉलिसी घ्यावी?

विमाननगरचा आमचा वन बीएचके एअरबीएनबीवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायच्या ॲपवर टाकलाय, आणि मागच्या पावसाळ्यात एका गेस्टची आई बाथरूममधे घसरली, नशीब मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण तेव्हा डोक्यात आलं की खर्च मागितला असता तर भरायचा कोणी.

एअरकव्हर म्हणजे एअरबीएनबीचंच होस्टसाठीचं, घर देणाऱ्यासाठीचं संरक्षण. त्याला वेगळे पैसे लागत नाहीत, होस्टची लायबिलिटी 10 लाख डॉलरपर्यंत, म्हणजे गेस्टला इजा झाली आणि जबाबदारी तुमच्यावर आली तर. आकडा मोठाय. पण बुकिंग त्यांच्याकडूनच झालेलं हवं हं! ओळखीतून, व्हॉट्सॲपवर ठरवून दिलेले दोन दिवस म्हणजे तुम्ही उघड्यावर. तुमचा टीव्ही फुटला तर ते प्रकरण वेगळं, त्याची मागणी चेकआउटनंतर 14 दिवसांत टाकावी लागते.

स्वतःच्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचा प्रीमियम खिशातून जातो, आणि फॉर्ममधे 'दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतो' हे सरळ लिहायचं, लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. यात एका अपघाताला किती आणि वर्षभरात एकूण किती अशा दोन मर्यादा असतात, एजंट मोठा आकडा सांगतो, तुम्ही लहान विचारा. थेट बुकिंगही चालेल असं पॉलिसीत बघून घ्या. आणि 'भारत गृह रक्षा आहे की' म्हणू नका, ती घराची पॉलिसी, आग-पुरासाठी, गेस्टच्या हाडांसाठी नाही.

फक्त ॲपवरच देत असाल तर एअरकव्हरवर भागेल. आमचे निम्मे गेस्ट म्हणजे सिंबायोसिसमधल्या पोरांचे आईबाप, थेट फोन करणारे, म्हणून आम्ही दोन्ही ठेवलंय, शिवाय बाथरूमचं पायपुसणं बदललं, आधीचं सरकायचं.