पावडर बाजूला ठेवा, हातोडी वापरा : जपानी तलवारीची देखभाल-पेटी

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून जपानी तलवार निघाली की घरातलं कोणीतरी मोबाईलवर शोधाशोध करतं आणि चार दिवसांत ही लाकडी पेटी दारात हजर होते. आत पाच वस्तू असतात. काठीला बांधलेला पांढऱ्या पावडरचा गोळा (जपानीत उचिको), तेलाची बुटकी बाटली, कागदाच्या दोन घड्या, एक फडकं आणि बोटभर पितळी हातोडी. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांत हाच ऐवज असतो, झाकणावरचं चित्र तेवढं बदलतं. जाहिरातीत भाव खाते ती पावडर, कारण चकाकी विकली जाते. पण तलवार कुठली, केव्हाची हे कळून घ्यायचं असेल तर पेटीत कामाची वस्तू एकच, ती हातोडी.

पुण्याच्या घरांत या तलवारी दोन वाटांनी आल्या. एक ब्रह्मदेशची आघाडी. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. १९४५ च्या शरणागतीनंतर जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्याच पाहिजेत, असा माउंटबॅटन यांचा आग्रहच होता. दुसरी वाट खुद्द जपानची. युद्धानंतर तिथे गेलेल्या ब्रिटिश-राष्ट्रकुल फौजेत मराठ्यांची पहिली पलटण होती. हा फरक ओळखताना उपयोगी पडतो. ब्रह्मदेशातून आलेली तलवार बहुतेक लष्करी म्यानातली असते. जपानमध्ये नागरिकांकडूनही तलवारी जमा करून घेतल्या होत्या, त्यामुळे तिकडून आलेली लाखेच्या साध्या म्यानातली, घरंदाज असू शकते.

आता हातोडी. तिच्या दांड्यात किंवा डोक्यात एक बारीक पितळी सुळका असतो, स्क्रूसारखा फिरवून निघणारा. मुठीत आरपार बसवलेली बांबूची खुंटी (मेकुगी) काढायला तो. खुंटी निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडून हलके ठोके द्यायचे. उलट्या बाजूने ठोकलं की ती आणखी घट्ट बसते आणि चिरते. लष्करी मुठीत कधीकधी दोन खुंट्या असतात. दुसरी मुठीच्या मागच्या टोपणाजवळ, तीच नेमकी नजरेतून सुटते.

त्याआधी तलवार म्यानातून निघायला हवी. अधिकाऱ्यांच्या तलवारीत बहुतेकदा परजेजवळ (मूठ आणि पात्यामधली आडवी धातूची तबकडी) एक छोटी कळ असते. ती दाबल्याशिवाय पातं सुटत नाही, आणि न दाबता ओढाओढ केली की ऐंशी वर्षांची स्प्रिंग तुटते. धार वर ठेवून ओढायचं. म्यान धारेच्या बाजूने मुठीत आवळायचं नाही, आतलं जुनं लाकूड उकललेलं असेल तर पातं बाहेर येऊन बोटं कापतं. खुंटी निघाली की डाव्या हातात मूठ, पातं उभं पण किंचित तिरपं, धार आपल्यापासून लांब, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोके. पातं हळूहळू वर सरकतं. अडकलं असेल तर तिथेच थांबावं. फटीत तेल ओतलं की लाकूड खराब होतं, आणि परजेवर हातोडा मारला की ती वाकते. परजेच्या दोन्ही बाजूंना पातळ धातूच्या चकत्या (सेप्पा) असतात, लष्करी तलवारीत सहा-आठसुद्धा. प्रत्येक काढताना फोटो घ्या. क्रम चुकला की मूठ डुगडुगते. चकत्यांवर अनेकदा आकडे ठोकलेले असतात. सगळीकडे तोच आकडा असेल तर सुटे भाग मूळचे.

खरी जन्मपत्रिका आहे ती मुठीत लपलेल्या पात्याच्या दांड्यावर, नाकागोवर. त्याच्यावरचा गंज हाच वयाचा पुरावा. शेकडो वर्षांचा गंज काळपट-तपकिरी, गुळगुळीत, आत मुरलेला असतो. युद्धकाळातला दांडा राखाडी, त्यावर तांबूस गंजाची पुटं, आणि कानशीच्या रेघा जणू काल मारलेल्या. तो गंज पॉलिश पेपरने, चिंचेने किंवा पितळेच्या भांड्यांच्या पावडरने काढला की किंमत आणि ओळख दोन्ही गेली. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, टोक वर धरून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, फ्लॅश बंद, टॉर्च बाजूने. कोरीव अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

पुण्यात जपानी येणाऱ्यांना तोटा नाही. जपानीची एन-टू परीक्षा पास झालेली भाची प्रत्येक सोसायटीत एक तरी निघतेच. ती तारीख वाचून दाखवील. शोवा या जपानी कालगणनेतल्या वर्षात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा १७ हे १९४२. पण छिन्नीने ठोकलेलं कारागिराचं नाव वाचणं वेगळं, आणि ते खरं मानणं त्याहून वेगळं. नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या जपानमध्ये शतकानुशतकं होत आल्या आहेत. नाव ‘काने’ने सुरू होत असेल तर सेकी या तलवारी घडवणाऱ्या जपानी गावाकडे पहिला संशय न्यावा. शोवा किंवा सेकीचा बारीक शिक्का असेल तर पातं युद्धकाळातलं, बहुधा पारंपरिक पद्धतीने न घडवलेलं. ताऱ्याचा शिक्का मात्र चांगली बातमी. लष्कराने नेमलेल्या आणि पारंपरिक पोलाद वापरणाऱ्या लोहारांचा तो. सही नाही म्हणून निराश होऊ नका, बिनसहीची जुनी उत्तम पाती भरपूर आहेत.

धारेजवळची पांढरी नागमोडी रेघ (हामोन) पाहायला खोलीत एकच बल्ब हवा. टोक बल्बच्या दिशेने धरून पातं थोडं थोडं वळवा. पाण्यात विझवलेल्या पात्यात धुक्यासारखी रेघ आणि तिच्यात बारीक चमकते कण दिसतात. तेलात विझवलेली रेघ सपाट, निर्जीव वाटते. आम्लाने पांढरी केलेली रेघ कोन बदलला तरी ढिम्म तशीच राहते. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजायची, वळणावरून टेप फिरवायची नाही. ६०.६ सेंटिमीटरच्या वर कताना, ३०.३ ते ६०.६ वाकिझाशी.

मूठ ओतीव धातूची आणि त्यावर दोरी गुंडाळल्यासारखा नुसता रंग असेल तर मात्र हातोडी पेटीतच राहू द्या. ती १९३५ च्या नमुन्याची हवालदार-दर्जाची तलवार. पातं यंत्रावर केलेलं, परजेच्या पुढे नेहमीच्या १, २, ३ आकड्यांत क्रमांक ठोकलेला. म्यानाच्या तोंडावर तोच क्रमांक असेल तर जोडी अस्सल. मुठीखाली सही वगैरे काही नसते आणि खुंटीऐवजी स्क्रू असतो, तो फिरवून फक्त खाच बिघडते.

पावडरबद्दल स्पष्टच सांगायचं तर वापरू नका. खरी उचिको म्हणजे पॉलिशच्या दगडाची अतिशय बारीक पूड. स्वस्त पेटीतली भरड असते आणि पात्यावर केसासारखे ओरखडे पाडते. ते घालवायला पुन्हा पॉलिश, म्हणजे पोलाद झिजवणं. बफ मारून देणाऱ्याकडे तर चुकूनही नेऊ नका. तो आरसा करून देईल आणि हामोन, पाठीच्या कडा, टोकाची रेघ सगळं एकजीव होईल. जुनं तेल काढायला बुधवारात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ मायक्रोफायबर पुरतं. पुसायचं पाठीकडून, मुठीपासून टोकाकडे, एकाच दिशेने. पेटीतला कागद वापरायचाच तर आधी चुरगाळून मऊ करा.

तेल ठीक आहे. चोजी तेल म्हणून जे मिळतं ते मुख्यतः खनिज तेल, लवंगेचा वास दिलेलं. शिलाई मशीनचं तेल तेच काम करतं आणि रविवार पेठेत कुठेही मिळतं. थर इतका पातळ की बोटाला जेमतेम जाणवावा. जास्त झालं तर म्यानाचं लाकूड पितं. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते चिकट होऊन घट्ट बसतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी. खंडेनवमीला हळद-कुंकू आणि ओली फुलं म्यानावर वाहा, पात्यावर नाही. पाण्याचा एक थेंब रात्रभर राहिला की डाग बसतो.

तलवार दुचाकीवर बांधून दुकानोदुकानी फिरवू नये. शस्त्र नियम २०१६ नुसार ती पाचव्या गटातलं शस्त्र आहे, आणि शहरात जमावबंदीसोबत शस्त्र बाळगण्यावर बंदीचे आदेश वरचेवर निघतात. घरी ठेवण्याबद्दल पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून पोच घ्या. पातं शंभर वर्षांपलीकडचं निघालं तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आडवा येतो, पॉलिशसाठी परदेशी पाठवण्याचा बेत तिथेच थांबतो. यंत्रावरच्या पात्यांना जपानमध्ये नोंदणी मिळत नाही, त्यामुळे ती तिकडे नेण्याचा प्रश्नच नाही.

पेटीला पाचपैकी अडीच, त्यातले दोन हातोडीचे. हातोडी सुटी मिळाली तर तेवढीच घ्या. पेटी आलीच असेल तर बाटली आणि पावडर बाहेर काढा. मुठीला किंवा म्यानाला जपानी अक्षरांची लाकडी किंवा कापडी पट्टी बांधलेली असेल, तर ती शरणागतीच्या वेळी मालकाने नाव-पत्ता लिहून लावलेली असू शकते. ती कापून फेकू नका. सुटून आली असेल तर दांड्याच्या फोटोंसोबत याच रिकाम्या पेटीत ठेवा.