मल्टी-स्टेज बिल्ड: आठ महिने वापरून झाल्यावर

डॉकरमध्ये इमेज, म्हणजे ॲप चालवायला लागणाऱ्या सगळ्याचं गाठोडं, टप्प्याटप्प्याने बनवायची ही पद्धत. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो. आता आठ महिने झालेत, सगळ्या सर्व्हिसेस मल्टी-स्टेजवर आहेत आणि ठेचाही बऱ्यापैकी लागून झाल्यात.

आधी आमची एक साधी गो भाषेतली सर्व्हिस होती, बायनरी (कंपाइल झालेली, चालवायची फाइल) जेमतेम 18 एमबीची आणि इमेज 950 एमबीच्या वर, कारण कंपायलर, गिट, सोर्स, डाउनलोड झालेली मॉड्यूल्स सगळं आतच पडून. आम्ही शहाणपणा करून डॉकरफाइलच्या (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) शेवटी एक रन कमांड टाकून ते सगळं डिलीट करायचो आणि साइज ढिम्म हलायची नाही. मग डॉकर हिस्टरी काढून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की प्रत्येक रनचा वेगळा लेयर, म्हणजे थर, होतो आणि वरच्या लेयरमध्ये उडवलेली फाइल खालच्यात तशीच राहते, नुसती झाकली जाते.

मल्टी-स्टेज 2017 मध्ये डॉकर 17.05 सोबत आलं, म्हणजे आम्ही उशिराच जागे झालो. एकाच डॉकरफाइलमध्ये दोन फ्रॉम, म्हणजे दोन टप्पे (स्टेज), पहिल्यात बिल्ड करायचं, दुसऱ्यात कॉपीला फ्रॉम देऊन फक्त बायनरी उचलायची. बाकी सगळं मागे राहतं. इमेज थेट 20 एमबीच्या आत.

पण मला हाव सुटली आणि मी पहिल्याच दिवशी स्क्रॅचवर, म्हणजे पूर्ण रिकाम्या बेसवर, गेलो. कंटेनर सुरूच होईना, एरर काय तर नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अरे फाइल तर आहे ना, मी स्वतः कॉपी केलीय! दोन तास पाथ तपासण्यात गेले. शेवटी कळलं की बायनरी डायनॅमिक लिंक झालेली, म्हणजे चालताना बाहेरच्या लायब्ररी लागणारी, आणि त्या जोडायला तिला जो लोडर लागतो तो रिकाम्या स्क्रॅचमध्ये असणार कुठून, बोंब त्याच्या नावाने चाललेली. सीगो (गोमध्ये सी कोड जोडायची सोय) बंद करून परत बिल्ड केलं आणि चालली. मग दुसऱ्या दिवशी एचटीटीपीएस कॉल पडायला लागले कारण समोरचा सर्व्हर खरा का ते तपासायला लागणारी सीए सर्टिफिकेट्स नाहीत, ते निस्तरलं तर टाइमझोन लोड होईना. शेवटी निमूटपणे डिस्ट्रोलेसच्या (शेल, पॅकेज मॅनेजर वगळलेल्या बेस इमेजेस) स्टॅटिक इमेजवर आलो, हे सगळं तिच्यात आधीच असतं आणि वजन दोन-चार एमबीच. स्क्रॅचचा नाद कशाला करायचा असं माझं आता स्पष्ट मत आहे.

पायथॉनला एवढा चमत्कार होत नाही, इंटरप्रिटर तर न्यावाच लागतो. अल्पाइन (छोटं लिनक्स) करून बघितलं, पण त्यात ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल आहे, त्यामुळे ज्या पॅकेजचं मसलवालं व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नाही ते सोर्सवरून कंपाइल होत बसतं. स्लिम (पायथॉनची हलकी इमेज) घेतलं, बिल्डरमध्ये, म्हणजे पहिल्या स्टेजमध्ये, व्हेन्व्ह (पॅकेजेसचा वेगळा फोल्डर) बनवून तो अख्खा फोल्डर कॉपी केला, साइज निम्म्याच्याही खाली. फक्त दोन्हीकडे पाथ तोच ठेवा, व्हेन्व्हच्या स्क्रिप्ट्समध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो, मी बदलला आणि तोंडावर पडलो.

खरी तक्रार सीआयची, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेची. रनर (बिल्ड चालवणारं मशीन) दरवेळी कोरा, रजिस्ट्रीत (इमेजेस साठवायची जागा) जाते ती शेवटची स्टेज, मग बिल्डरची कॅशे कुठली? दोन मिनिटांचा बिल्ड नऊ मिनिटांवर गेला आणि टीममधल्यांनी माझी चांगलीच घेतली. बिल्डएक्समध्ये (डॉकरचं बिल्ड टूल) कॅशे एक्स्पोर्टला मोड मॅक्स दिल्यावर मधल्या स्टेजेसचे लेयर्सही साठायला लागले आणि वेळ परत खाली आला. पण त्याचं एक आहे, बिल्डरमध्ये टोकन (लॉगिनची गुप्त किल्ली) फाइलमध्ये लिहून ठेवलं असेल तर तो लेयरही कॅशेसोबत रजिस्ट्रीत जातो. आमचं गेलं होतं. टोकन बदललं आणि तेव्हापासून सीक्रेट माउंट, म्हणजे टोकन त्या कमांडपुरतंच दिसतं, लेयरमध्ये उरत नाही.

डिस्ट्रोलेसमध्ये शेल, म्हणजे कमांड टाइप करायची सोय, नाही, त्यामुळे आत शिरून बघायची सवय मोडावी लागते. कुबेरनेटिसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) तिच्याच क्यूबसीटीएल डीबग कमांडने बाजूला तात्पुरता कंटेनर लावतो, काम होतं, पण रात्री दोनला ती कमांड एका दमात आठवली असं आजवर झालेलं नाही, म्हणून रनबुकच्या (अडचण आली की बघायच्या नोंदी) पहिल्या ओळीत चिकटवून ठेवलीय.